विझलेल्या माळेची नाडीपरीक्षा

गणपती आठ दिवसांवर आले, की आमच्या सोसायटीच्या जिन्यात स्टुलं ओढल्याचे आवाज सुरू होतात. माळ्यावरचे खोके खाली येतात आणि त्यांतून गेल्या वर्षी विसर्जनानंतर घाईघाईनं कोंबलेल्या दिव्यांच्या माळांचा गुंता बाहेर पडतो. तो सोडवण्यात तासभर जातो, घरातली दोन माणसं एकमेकांवर चिडतात, आणि एवढं करून माळ प्लगमध्ये लावली की अर्धी पेटते, अर्धी पेटत नाही. मग माझ्या दाराची बेल वाजते. ‘‘काका, जरा बघता का?’’

मी तीस वर्षं आय.टी.आय.मध्ये वायरमनच्या मुलांना शिकवलं. निवृत्त होऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, पण ही बेल काही थांबलेली नाही. आणि खरं सांगायचं तर ती थांबावी असं मलाही वाटत नाही. फक्त एक तक्रार आहे. माळ माझ्याकडे येते ती बहुतेक वेळा दोन प्रयोग होऊन येते. पहिला प्रयोग, पेटत्या माळेला धरून गदागदा हलवण्याचा. दुसरा, माळ प्लगमध्ये असतानाच एकेक बल्ब दाबून पाहण्याचा. पहिल्यानं माळ बिघडते. दुसऱ्यानं माणूस जाऊ शकतो. तेव्हा आज या माळांच्या अंतरंगाबद्दल थोडं सविस्तर बोलू या.

जुन्या माळेपासून सुरुवात करावी लागेल, कारण तिचं गणित कळलं की नव्या नळीचंही कळतं. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले होते. रोषणाईच्या माळेचं कूळ तिथपर्यंत जातं. आपल्याकडे मिळणारी जुनी माळ, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या बल्बांची, तिच्यात साधारण ४० बल्ब असायचे. ४० का? तर घरातली वीज २३० व्होल्टची आणि एकेक बल्ब सहा व्होल्टचा. २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम त्याला पेलेल एवढंच येतं.

ही वाटणी होते ती ‘एकसर’ जोडणीमुळे. शाळेच्या पुस्तकातला हा शब्द फार चपखल आहे. मोत्यांचा सर असतो ना, तसे हे बल्ब एका सरात ओवलेले असतात. पहिल्यातून निघालेला प्रवाह दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. घरातले दिवे मात्र समांतर जोडलेले असतात, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी देवघरातला पेटतो. सरातला एक मणी फुटला आणि दोरा तुटला, की संपलंच. एका बल्बची तार तुटली की उरलेले ३९ धडधाकट असूनही अंधारात.

आता इथे एक गोष्ट आहे, जी मी वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. माळ बंद पडलेली असताना तो तुटलेला बल्ब सहा व्होल्टचा उरत नाही. पाणी पायऱ्यांवरून वाहत असतं तेव्हा प्रत्येक पायरीला थोडं थोडं उतरतं. मध्येच फळी टाकून ते अडवलं, की सगळा दाब त्या एका फळीवर येतो. विजेचंही तसंच. प्रवाह थांबला की बाकीचे बल्ब आपापला वाटा घेत नाहीत आणि तुटलेल्या बल्बच्या दोन टोकांमध्ये सगळेच्या सगळे २३० व्होल्ट येऊन उभे राहतात. तो बल्ब काढून कुणी होल्डरमध्ये बोट घातलं, तर ते घरच्या सॉकेटमध्ये बोट घातल्यासारखंच आहे. ‘बंदच तर आहे माळ’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. बटण बंद करणंही पुरेसं नाही, प्लग बाहेर काढायचा. का, ते पुढे येईलच.

प्लग काढला. आता शोध कसा घ्यायचा? एकेक बल्ब तपासत गेलं तर चाळीस वेळा तपासावं लागेल. त्यापेक्षा मल्टिमीटर घ्या. तारेची सलगता दाखवताना ‘पीं’ असा आवाज करणारा साधा मीटर चालतो. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं मधल्या, म्हणजे विसाव्या बल्बच्या पायाशी. सलगता मिळाली तर हा अर्धा भाग चांगला, दोष पलीकडे. नाही मिळाली तर दोष अलीकडे. प्लगला दोन पिना असतात, तेव्हा आधी त्यातली कुठली पहिल्या बल्बकडे जाते ते पाहून घ्या. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. असं निम्मं-निम्मं करत गेलात तर चाळिसांतला आजारी बल्ब जास्तीत जास्त सहा तपासण्यांत हाती लागतो. वायरमनच्या मुलांना हा हिशेब जादूसारखा वाटायचा.

सापडलेल्या बल्बच्या जागी त्याच जातीचा बल्ब बसवायचा. नसेल तर तो काढून दोन तारा थेट जोडायच्या, हा आपला घरगुती तोडगा. एखाद-दुसऱ्या बल्बापुरता तो चालतो. पण दरवर्षी एक-दोन करत पाच बल्ब कमी झाले, की उरलेल्या पस्तिसांच्या वाट्याला पावणेसहाऐवजी साडेसहा व्होल्ट येतात. माळ नेहमीपेक्षा झगझगीत दिसते, घरातले खूष होतात आणि पुढच्या चार दिवसांत बल्ब पटापट जायला लागतात. पोरं म्हणायची, सर, माळेला साथ आली.

या माळांमध्ये एक बल्ब वेगळा असायचा. आम्ही त्याला ‘मास्टर’ म्हणायचो. त्याच्या आत दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली बारीक पट्टी असते. बल्ब तापला की दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते, जोड सुटतो, सगळी माळ विझते. पट्टी निवली की सरळ होते आणि माळ पुन्हा पेटते. ना चिप, ना बटण, तरी उघडझाप. माळ उघडझाप करायची थांबली, तर हा मास्टर बदलायचा. माळ अजिबात पेटत नसेल तर संशयितांमध्ये पहिला नंबर त्याचाच.

आता रोप लाइट. दुकानदार कधी ‘पाइप लाइट’ म्हणतात, आमच्या सोसायटीत सगळे ‘नळी’ म्हणतात. बोटभर जाडीची पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत दिव्यांची रांग. गच्चीच्या कठड्याला, मखराच्या कमानीला, मंडपाच्या खांबाला गुंडाळायला सोयीची. ही विझते तेव्हा लोक फार लवकर हार मानतात. सगळं बंद नळीत आहे, उघडणार कुठून, असं त्यांना वाटतं. पण माळेपेक्षा नळीची नाडी वाचणं सोपं आहे, कारण दोष कुठे आहे हे ती स्वतःच दाखवते.

नळीचा तुकडा उन्हात धरून पाहा. दोन्ही कडांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन जाड तारा गेलेल्या दिसतील. या हमरस्त्यासारख्या. एक फेजची, एक न्यूट्रलची. मध्ये जी दिव्यांची रांग दिसते ती एकसलग नसते. तिचे तुकडे असतात, कुठे एक मीटरचे, कुठे दोन मीटरचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटी एकसर माळ. तिचं एक टोक एका जाड तारेला, दुसरं टोक दुसऱ्या जाड तारेला. उदाहरणार्थ, जुन्या तंतूच्या बल्बांच्या नळीत एका मीटरमध्ये ३६ बल्ब असतात. ३६ गुणिले साडेसहा करा, २३४ येतात. तेच जुनं गणित. म्हणजे तुकड्याच्या आत एकसर आणि तुकडे आपापसांत समांतर. दोन्ही जोडण्या एकाच नळीत.

एवढं समजलं की निदान आपोआप होतं. नळीच्या मधलाच एक तुकडा काळा आहे, अलीकडचं-पलीकडचं पेटतंय? मग जाड तारा ठीक आहेत, त्या तुकड्यातला एक बल्ब किंवा एक सांधा गेला आहे. एका जागेपासून शेवटपर्यंत सगळंच बंद आहे? मग जाड तार तुटली किंवा तिथला जोड सुटला. तिथे आधी कुणी जोड दिलेला असेल तर दहांतल्या नऊ वेळा तोच दोषी. सगळी नळी बंद आहे? मग नळीकडे बघूच नका. प्लग, प्लगची दोरी आणि दोरी जिथे नळीला जोडते ते टोपण बघा. तीन जाड तारांची, ‘पळणाऱ्या’ दिव्यांची नळी असेल आणि एकाआड एक दिवे बंद असतील, तर दोन दिवेमालिकांपैकी एकीची वाट बंद झाली. बहुधा कंट्रोलरच्या डबीत.

डबीवरून आठवलं. आठ तऱ्हांनी लुकलुकणाऱ्या माळा घेऊन लोक येतात, ‘हळूहळू पेटते, हळूहळू विझते, बिघडली वाटतं.’ डबीवरचं बटण दाबलं की पुढची तऱ्हा सुरू होते. या दुरुस्तीचे मी चहा सोडून काही घेत नाही.

मधला तुकडा गेला असेल तर तो बदलता येतो, किंवा काढून टाकून दोन्ही बाजू जोडता येतात. नळीवर ठरावीक अंतरावर कातरीचं चिन्ह किंवा एक रेघ छापलेली असते. फक्त तिथेच कापायचं. दुसरीकडे कुठेही कापलं, तर ज्या तुकड्यात कात्री चालली तो आख्खा तुकडा मेला, दोन्ही बाजूंचा. छापलेलं चिन्ह कधी कधी थोडं सरकलेलं असतं. म्हणून चिन्हाजवळ आत डोकावून बघा. जिथे मधली रांग थांबते आणि फक्त दोन जाड तारा पुढे जाताना दिसतात, तीच कापायची जागा. काप काटकोनात, एका घावात. पावसाळी हवेत किंवा थंडीत नळी कडक होते, ती आधी दहा मिनिटं उन्हात ठेवावी.

जोडण्यासाठी दोन पिनांचा प्लास्टिकचा जोड मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत तो सहज मिळेल, फक्त नळीचा कापलेला तुकडा बरोबर न्या, कारण जाडी आणि तारांची संख्या जुळली पाहिजे. पिना नळीतल्या दोन जाड तारांच्या बरोबर मधोमध, तांब्याच्या तंतूंमध्ये घुसल्या पाहिजेत. इथेच बहुतेकांचं चुकतं. पिन तारेच्या शेजारी प्लास्टिकमध्ये शिरते, वरून सगळं झकास दिसतं आणि दिवा लागत नाही. किंवा त्याहून वाईट, जेमतेम टेकते, लागते, आणि रात्री दहा वाजता तिथे गरम होऊन प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. जोड दिल्यावर पंधरा मिनिटं नळी चालू ठेवा, मग प्लग काढून जोडाला हात लावून बघा. बाकी नळीपेक्षा तो जास्त गरम लागत असेल तर पुन्हा करा. कापल्यावर तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे. हिरव्या तांब्यावर पिन खोचू नका. आणखी एक तुकडा कमी करून पुढच्या चिन्हावर कापा.

आता टोपणाबद्दल. हे मी सांगतो ते माझ्या हातून झालेलं आहे.

२००६ सालचे गणपती. सोसायटीच्या गच्चीवरून एक लांब नळी जिन्याच्या लोखंडी कठड्याला बांधत तळमजल्यापर्यंत आणली होती. तिचा अगदी शेवटचा मीटर पेटत नव्हता. मी तो चिन्हावर कापून टाकला. काप उत्तम होता. कापलेल्या टोकाला प्लास्टिकचं टोपण बसवायला हवं होतं, ते जवळ नव्हतं आणि दुकानं बंद झाली होती. मी इन्सुलेशन टेपचे चार वेढे दिले आणि उद्या टोपण आणून बसवू म्हणून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आरती, पाहुणे, प्रसाद. टोपण राहिलं.

चौथ्या दिवशी दुपारभर पाऊस झाला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा अनवाणी धावत जिना चढत होता. त्यानं कठडा धरला आणि किंचाळला. हात झटकला गेला म्हणून वाचला. तो मागे पायऱ्यांवर आपटला, हनुवटीला दोन टाके पडले. मी धावत गेलो, प्लग काढायच्या आधी कठड्याला टेस्टर लावला. पेटला. टेपचा गोंद पावसानं सुटला होता, वेढे सैल होऊन आत पाणी गेलं होतं आणि ते टोक कठड्याला टेकलेलं होतं. नळीच्या कापलेल्या टोकाशी त्या दोन जाड तारा उघड्या असतात, आणि पहिल्या टोकाला असतात तेवढेच २३० व्होल्ट शेवटच्या टोकालाही असतात. वर्गात मुलांना शंभर वेळा सांगितलेली गोष्ट.

मुलाच्या आईनं मला एवढंच विचारलं, ‘‘काका, ही तुम्हीच दुरुस्त केली होती ना?’’ मी हो म्हणालो.

त्या रात्री सोसायटीतल्या कुणीतरी विचारलं, फ्यूज का उडाला नाही? प्रश्न रास्त होता. जिन्याच्या दिव्यांचा फ्यूज पाच अँपिअरचा. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा तेहतिसावा भाग गेला तरी जिवावर बेतू शकतं. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज असतो तो तारा जळू नयेत म्हणून. माणसासाठी वेगळं उपकरण आहे, आरसीसीबी. जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह ते सतत ताडून पाहतं. ३० मिलिअँपिअरची तफावत आली, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली आहे असं धरून ते क्षणार्धात पुरवठा तोडतं. आम्ही त्याच महिन्यात ते जिन्याच्या मीटरला बसवलं. तुमच्याकडे असेल तर त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला पाहिजे. मात्र हेही लक्षात ठेवा, की दोन्ही बोटं होल्डरच्या दोन टोकांना लागली आणि पायात रबरी चपला असल्या, तर जमिनीत काहीच जात नाही आणि आरसीसीबीला तुम्ही म्हणजे एक बल्बच वाटता. तेव्हा प्लग काढण्याला दुसरा पर्याय नाही.

तेव्हापासून मी कुणाच्याही नळीच्या टोकाला टेप लावत नाही. टोपण, त्याच्या आत चिकटद्रव्य, आणि बाहेर लावायची असेल तर त्यावर उष्णतेनं आक्रसणारी नळकांडी. टोपण नसेल तर त्या दिवशी दिवे लागत नाहीत. टोक वर तोंड करून बांधायचं नाही, कठड्याला टेकवायचं नाही. नळी खिळ्यानं ठोकायची नाही आणि तारेनं तर आवळायचीच नाही, बारीक तार प्लास्टिक कापत आत जाते. सुतळी किंवा प्लास्टिकचे पट्टे वापरा.

अलीकडे सगळं एलईडीवर आलं आहे. एलईडी लाल, पिवळी, हिरवी अशी आधी आली. चांगल्या प्रकाशाची निळी मात्र १९९३ साली जपानमध्ये जमली. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. निळी जमली म्हणून पांढरी जमली, कारण पांढरी एलईडी म्हणजे बहुधा पिवळसर लेप दिलेली निळी एलईडीच असते. दुरुस्तीच्या दृष्टीनं फरक एवढा, की एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते. म्हणून एलईडी नळीच्या प्लगच्या दोरीत एक लहानशी काळी डबी असते. तिच्यात चार डायोड असतात आणि ते उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करतात. सगळी नळी बंद असेल तर ही डबी आधी तपासा. तंतूच्या नळीची दोरी दिसायला तशीच असते, पण तिच्यात ही डबी नसते. ती एलईडी नळीला लावू नका. नवा जोड दिल्यावर पुढचा भाग पेटला नाही तर घाबरू नका, जोड उलटा लागला असेल. प्लग काढून तो तुकडा अर्धा फिरवा, पिना अदलाबदल करा, पेटेल.

नळीतली एलईडी बदलता येत नाही, पण सुट्या एलईडीच्या माळेत बदलता येते. त्यासाठी माझ्याकडे एक साधं हत्यार आहे: नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिच्या एका तारेत एक किलोओहमचा रेझिस्टन्स, आणि दोन टोकांना दोन टाचण्या. प्लग काढलेल्या माळेतल्या एकेका एलईडीच्या दोन पायांना टाचण्या लावत जायचं. सुलट लावल्या की चांगली एलईडी मंद पेटते, मेलेली दोन्ही दिशांनी गप्प राहते. तिच्या जागी त्याच रंगाची नवी, लांब पाय धनाकडे ठेवून, डाग देऊन बसवायची. टाचणीची भोकं बुजवायची. आणि रेझिस्टन्सशिवाय ही बॅटरी थेट लावू नका, चांगल्या एलईडीही जातील.

एलईडीमुळे एक नवी तक्रार आली आहे: ‘काका, बटण बंद केलं तरी माळ मिणमिणते.’ एका आजींना तर ते शुभलक्षण वाटलं होतं. कारण साधं असतं. एक तर बटणात तो बारीक लाल दिवा असतो, त्याच्यातून सतत थोडी वीज झिरपते आणि एलईडीला तेवढीही पुरते. नाही तर, आणि हे वाईट, वायरमननं बटण फेजच्या तारेवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद करा आणि सॉकेटच्या दोन मुख्य भोकांमध्ये टेस्टर घालून बघा. पेटला, तर बटण बंद असूनही माळेत पूर्ण फेज आहे. ‘बटण बंद करणं पुरेसं नाही’ असं मी आधी म्हणालो ते यासाठी. अशी बटणं आपल्या घरांमध्ये किती आहेत ते पाहिलं तर तुम्ही चकित व्हाल. हे काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

अमेरिकेतून भाचा येतो, सुंदर नळी घेऊन येतो. हौसेनं लावली जाते. एक क्षण लख्ख उजेड, मग कायमचा अंधार. तिकडची वीज १२० व्होल्टची, त्यामुळे नळीतले तुकडेही निम्म्या लांबीचे. आपल्याकडे दाब जवळजवळ दुप्पट, म्हणून तंतूवर साधारण चौपट भार. तिची दुरुस्ती नाही. खोक्यावर व्होल्ट वाचणं हीच काय ती दुरुस्ती, तीही आधी. बारा व्होल्टच्या चिकटपट्टीच्या दिव्यांचंही तसंच. ते अॅडॉप्टरशिवाय लावू नका. इथे नवी माळ घेताना मात्र भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचं चिन्ह आणि दोरीची जाडी, दोन्ही बघा.

शेवटी ठेवणीबद्दल. नळी गुंडाळलेली असताना पेटवून ‘चालू आहे का’ बघत बसू नका, निदान तंतूची नळी तरी. मीटरला पंधरा-सोळा वॅट धरले तर दहा मीटरला दीडशेच्या वर जातात, आणि ती सगळी उष्णता एका भेंडोळ्यात कोंडली की वेढे एकमेकांना चिकटतात. असं चिकटलेलं भेंडोळं मी चाकूनं सोडवलेलं आहे. ती पूर्ण सोडूनच तपासावी. विसर्जनानंतर ओली गुंडाळू नका, एक दिवस सावलीत पसरून ठेवा. मग पुठ्ठ्यावर मोठ्या वेढ्यांनी गुंडाळा आणि खोक्यावर लिहून ठेवा: किती मीटर, किती तारांची, किती व्होल्टची, कुठे जोड दिला आहे. कापून काढलेला चांगला तुकडा असेल तर तोही दोन्ही टोकांना टोपण घालून त्याच खोक्यात ठेवा. पुढच्या वर्षी मधला एखादा तुकडा गेला, की तो तिथे बसतो.